पाऊणकी आणि पाठ्यपुस्तक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली मुले आज महाविद्यालयात जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शिकलेला मुलगा धक्क्याकडे पाठ फिरवील, तर त्याची विद्या अर्धीच राहील, एवढेच मला नम्रपणे सांगावयाचे आहे.

उदाहरण आपल्या मोरा बंदराचेच घेऊ. वडीलधारी मंडळी तिथीची पाऊणकी करून भरतीची वेळ सांगतात : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहाचा सुमार. विज्ञान शिकणारा मुलगा म्हणेल, पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणकी तर ४५च धरते. हे अंतर पंधराव्या तिथीस पाऊण तासाचे होते. मग पाऊणकी खोटी म्हणावी काय? मुळीच नाही. होडीवर तोंडी करावयाचा तो हिशेब आहे. आणि पुस्तकातील ४८ मिनिटे हीदेखील सरासरीच होय. निर्णय करावयाचा तर घड्याळ घेऊन धक्क्यावरच उभे राहिले पाहिजे.

हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. नेमकी तीच चाकरमान्यांच्या जाण्यायेण्याची वेळ! धक्क्याशी साचलेल्या गाळामुळे अशा ओहोटीत भाऊच्या धक्क्याची लाँच वारंवार बंद ठेवावी लागली आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि श्रम व विद्या यांची सांगड घातली. त्याच संस्थेचे महाविद्यालय आपल्या तालुक्यात फुंडे येथे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रत्यक्ष कार्यानुभवाचा पुरस्कार केला आहे.

म्हणून माझी सूचना अशी : प्रत्येक विद्यार्थ्याने आजोबांना सोबत घेऊन एक महिनाभर वही ठेवावी. तिथी, पाऊणकीची वेळ, छापील कोष्टकातील वेळ, डोळ्यांनी पाहिलेली वेळ, आणि लाँच किती काळ बंद राहिली, हे तीत लिहावे. ती वही अभ्यासाचा प्रकल्प होईल, आणि गाळ काढण्यासाठी करावयाच्या अर्जास भक्कम पुरावाही होईल. उत्कृष्ट वहीस मंडळाने पारितोषिक ठेवावे, अशी माझी विनंती आहे.