तेलाच्या बळावर येरझारा

ठाण्याच्या खाडीकाठचें ऐरोली हें मूळचें आगरी-कोळ्यांचें गांव. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखान्यांची रांग लागली. अशा कारखानदारींत पोलादी भागांवर अखेरचा हात फिरविणारें एक यंत्र असतें. कारागीर त्याला सरफेस ग्राइंडर म्हणतात. घांसणारें चाक वर फिरत असतें आणि खालचें टेबल पोलादाचा भाग घेऊन हातमागाच्या धोट्याप्रमाणें येरझारा घालतें.

श्रोतेहो, धोट्याला टोला चालतो. या टेबलाला चालत नाहीं. तें जड असतें. उलट फिरतांना धक्का बसला, तर त्याची खूण पोलादावर उमटते. आणि जेथें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब, तेथें तो भाग वायां जातो. म्हणून हें काम तेलाकडे सोंपविलें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हें पास्कलनें सतराव्या शतकांत सांगितलें. त्याच आधारावर जोसेफ ब्रामा यानें १७९५ मध्यें इंग्लंडांत आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें.

टेबलाखालीं एक लांब नळकांडें व त्यांत दट्ट्या असतो. पंपानें रेटलेलें तेल दट्ट्याच्या एका अंगास गेलें कीं टेबल उजवीकडे सरकतें, दुसऱ्या अंगास गेलें कीं डावीकडे. तेलाची वाट अरुंद केली कीं वेग मंदावतो. दट्ट्याचा दांडा एकाच अंगास असला, तर तेथें तेलास जागा कमी उरते व जातांयेतांना वेग निराळा पडतो. दांडा दोन्ही अंगांस ठेवला कीं तो सारखा होतो.

खरी खुबी उलट फिरण्यांत आहे. टेबलाच्या कडेच्या ठोकळ्यानें मुख्य झडप थेट ढकलली, तर मंद चालणारें टेबल तिला मधोमध आणून सोडील; दोन्ही वाटा बंद होतील आणि टेबल तेथेंच थबकेल. म्हणून ठोकळा फक्त एक लहान झडप हलवितो. तिनें सोडलेलें तेल मोठ्या झडपेला पलीकडे लोटतें.

या व्यवस्थेचा वैरी म्हणजे हवा. तेल जवळजवळ दबत नाहीं, हवा दबते. ती तेलांत शिरली कीं टेबल हिसके देत चालतें. अशा हिसक्यानें काम चाकावर आदळलें, तर चाक फुटून कारागिराच्या जिवावर बेतूं शकतें. नव्या यंत्रांत पुष्कळदां विजेची सर्व्हो मोटर व मळसूत्री दांडा हें काम करतात. तेलाच्या यंत्रापाशीं मात्र जाणता कारागीर चाक वर उचलून, टेबल रिकामेंच या टोकापासून त्या टोकापर्यंत कांहीं वेळ चालवितो, हवा निघून जाऊं देतो, आणि मगच काम चढवितो.