धावरी : एका लहान नदीचें भूवर्णन

नवी मुंबईला खाडीचें सान्निध्य आहे. पण खाडीच्या खाऱ्या पाण्यानें कोणाची तहान भागत नाहीं. वाशी-नेरूळच्या घरांतील नळांना येणारें पाणी खालापूर तालुक्यांतील धावरी नांवाच्या एका लहानशा नदीचें आहे. रोज तिचें पाणी पिणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर तिचें नांव गेलें असेल.

धावरी डोंगरांच्या कुशींत वाहते. उत्तरेस माथेरानचें पठार, शेजारीं इर्शाळगडाचा सुळका; सारा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा. नैर्ऋत्येचे ढग या कड्यांवर अडतात आणि मुसळधार पाऊस पडतो. कठीण खडकांत पाणी फारसें मुरत नाहीं. उतारावरून तें ओहोळांनीं धांवत सुटतें. काश्मीरच्या ओढ्यांना उन्हाळ्यांत वितळत्या बर्फाचा आधार असतो. म्हणून बाहेरून आणून सोडलेला ट्राउट मासा तेथील थंड पाण्यांत रुजला. सह्याद्रीच्या ओढ्यांना असा आधार नाहीं. चार महिन्यांची मिळकत आणि बारा महिन्यांचा खर्च, असा त्यांचा संसार !

धावरी ज्या पाताळगंगेला मिळते, तिचें दैव मात्र निराळें. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील तलावांचें जें पाणी एरवीं इंद्रायणी-भीमेच्या वाटेनें बंगालच्या उपसागराकडे गेलें असतें, तें नळांतून घाटाखालीं उतरूं लागलें आणि वीज निर्माण करून पाताळगंगेंत येऊं लागलें. त्यामुळें पाताळगंगा उन्हाळ्यांतही वाहते. धाकट्या धावरीला असें कोणीं पाणी आणून दिलें नाहीं. तिला स्वतःच्याच पावसावर निर्वाह करावा लागतो.

चौक गांवाजवळ या नदीवर मोरबे धरण बांधलेलें आहे. २००२ सालीं नवी मुंबई महानगरपालिकेनें तें आपल्याकडे घेतलें. पूर्ण भरलें असतां त्यांत सुमारें १९ हजार कोटी लिटर पाणी मावतें. योजनेप्रमाणें रोज ४५ कोटी लिटर काढल्यास वर्षाला साडेसोळा हजार कोटी लिटरांच्या आसपास लागतें. उरलेल्या शिलकींतून उन्हानें उडून जाणारें आणि तळाशीं राहणारें पाणी वजा केलें, म्हणजे हातीं फारसें कांहीं राहत नाहीं. एक पावसाळा हुकला, तर शहराला दुसऱ्या पावसाळ्याची वाट पाहण्याइतकाही धीर उरणार नाहीं.

जो पाऊस हें धरण भरतो, तोच या डोंगरांना सैलही करतो. १९ जुलै १९२३ नव्हे, अगदीं अलीकडच्या २०२३ सालच्या त्याच तारखेच्या रात्रीं इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर लोकांची घरें चिखलाखालीं गेलीं. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. खालीं धरणांत पाणी चढत होतें आणि वर, त्याच पावसांत, एक वाडी नाहींशी झाली.

नदीचें भूगोल तिच्या पात्रापुरतें नसतें. वरचा उतार, त्यावरील झाडें आणि तेथें राहणारीं माणसें हींही नदीचींच अंगें होत. शहरानें धावरीचें पाणी घेतलें आहे. त्याबरोबर तिच्या डोंगरांची आणि डोंगरांवरील वाड्यांची काळजीही त्याच्याकडे आली आहे.