अभियंता होण्याची पूर्वतयारी



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी नुसत्या अभिनंदनावर थांबू नये, असे आम्हांस वाटते. हारतुरे संध्याकाळी कोमेजतात. परंतु दहावीनंतर घेतलेला निर्णय जन्मभर सोबत करतो. म्हणून अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी शालेय वयात काय साधावे, एवढेच आज सांगणार आहोत.

या विद्येची परंपरा आपल्या प्रांतात जुनी आहे. पुण्याचे अभियांत्रिकी शिक्षण १८५४ साली सुरू झाले. म्हैसूर संस्थानात जन्मलेले सर विश्वेश्वरय्या प्रथम बंगळूर येथे बी. ए. झाले आणि मग पुण्यास येऊन १८८३ साली अभियंता झाले. आजचा मार्ग मात्र फार आधी, अकरावीच्या प्रवेशअर्जावरच ठरतो.

पदवीसाठी बारावीस गणित व पदार्थविज्ञान हवेतच. त्यांच्या जोडीस बहुधा रसायनशास्त्र असते. महाराष्ट्रात या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के, तर राज्यातील मागास प्रवर्गांस ४० टक्के गुण लागतात. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे असतात, आणि सुमारे पाचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, हा समज किती घातक आहे, हे यावरून ध्यानी यावे. आयआयटी व एनआयटी यांची प्रवेश परीक्षा वेगळी. शिवाय तेथे बारावीस ७५ टक्के गुण किंवा आपल्या परीक्षामंडळातील पहिल्या वीस टक्क्यांत स्थान मिळवावे लागते. अनुसूचित जाती-जमातींस ही मर्यादा ६५ टक्के आहे. शिकवणीच्या नादात महाविद्यालयाकडे पाठ फिरविणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा. दहावीस किमान ३५ टक्के गुण असल्यास तीन वर्षांच्या पदविकेस अर्ज करता येतो. प्रवेश दहावीच्या गुणानुक्रमे मिळतो. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यासही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे आहे. ज्या घरी लवकर मिळवते होणे भाग आहे, त्या घरास हा मार्ग वरदानच होय. पदविका घेणाऱ्यास कमी लेखण्याची आपल्यातील खोड आता सुटली पाहिजे.

सर्वांत कळकळीचे बोलणे शेवटी. आपल्या पुष्कळ घरांत मुलगी अकरावीस गेली की ‘गणित कशाला? जीवशास्त्र पुरे,’ असे वडीलधारे सुचवितात. हेतू चांगला असेल. परंतु गणित सुटले की अभियांत्रिकी पदवीचा सरळ रस्ता तेथेच बंद होतो, आणि तो बंद झाल्याचे दोन वर्षांनी कळते. दोन्ही विषय एकत्र घेण्याची सोय असते, तिचा विचार व्हावा. खर्चाची चिंता असल्यास, २०२४-२५ पासून राज्य शासनाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घ्यावा, आणि उत्पन्नाचे व प्रवर्गाचे दाखले उन्हाळ्यापूर्वीच काढून ठेवावेत. दाखल्यावाचून हक्काची जागा जाणे यासारखे दुःख नाही.

मुलांचा कल पाहावा, शिक्षकांचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्याचा मुलगा काय करतो, हे पाहून निर्णय करू नये. पुढील संमेलनात सत्कारमूर्तींच्या रांगेत भावी अभियंत्या कन्याही तितक्याच संख्येने दिसोत, अशी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.