रावणाचा एक निश्चय : ‘पउमचरिया’तील शुभाशुभाचा संघर्ष



दसऱ्याला उत्तर भारतात रावणाचा जो पुतळा जाळला जातो, त्याला दहा तोंडे असतात. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या महाकाव्यातील रावणाला मात्र एकच तोंड आहे. बालपणी त्याने पूर्वजांचा, नागांनी रक्षिलेला हार सहज उचलला. त्या हाराच्या नऊ रत्नांत त्याच्या मुखाची प्रतिबिंबे पडली आणि त्याचे नाव ‘दशमुख’ पडले. या काव्यात राक्षस हा विद्याधर मानवांचा एक वंश आहे आणि वानर हा ध्वजावर वानरचिन्ह मिरविणारा दुसरा वंश. हा बदल वरवर लहान भासतो. परंतु त्याने कथेचा सारा प्रश्नच पालटतो. राक्षसाने दुष्कृत्य करावे यात नवल ते काय? पण पराक्रमी, विद्यासंपन्न, जिनभक्त माणसाने ते का करावे, याचे उत्तर मात्र शोधावे लागते.

‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीची पूर्वज मानल्या गेलेल्या भाषेत रचलेले काव्य आहे. ते इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असून त्याची ११८ प्रकरणे आहेत. जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९१४ मध्ये भावनगर येथून प्रसिद्ध झाली. काव्याच्या आरंभीच राजा श्रेणिक गौतम गणधरांपुढे आपल्या शंका मांडतो. वानरांनी बलाढ्य राक्षसांना जिंकले कसे? कुंभकर्ण सहा सहा महिने झोपत कसा असे? या शंकांच्या निरसनातून कथा उलगडते. राम येथे ‘पद्म’ आहे, आठवा बलदेव. लक्ष्मण आठवा वासुदेव आणि रावण आठवा प्रतिवासुदेव. म्हणजे ६३ शलाकापुरुषांत, थोर पुरुषांच्या त्या मालिकेत, रावणालाही स्थान आहे.

हे स्थान त्याला उगीच लाभलेले नाही. राजा मरुत्ताच्या यज्ञात पशू बळी दिले जाणार होते; रावणाने तो यज्ञ थांबविला. कैलासावर वाली मुनी ध्यानस्थ असता रावणाने क्रोधाने तो पर्वतच उचलला. तेथील जिनालये वाचावीत म्हणून मुनींनी पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबला आणि खाली चिरडत असलेल्या दशमुखाने मोठा आक्रोश केला. ‘रावण’ हे नाव त्या आक्रोशातून आले. परंतु सुटका होताच त्याने मुनींची क्षमा मागितली, जिनपूजा केली आणि आपल्या बाहूतील स्नायूची तार करून वीणेवर स्तुती गायिली. एकाच प्रसंगात उन्मत्तपणाही आहे आणि विनयही. त्याचा संपूर्ण स्वभाव या प्रसंगात सामावला आहे.

नलकूबराच्या दुर्लंघ्यपुराची कथा याहून सूक्ष्म आहे. नलकूबराची पत्नी उपरंभा रावणावर अनुरक्त झाली. तिच्याकडून नगराच्या मायावी तटाचे रहस्य कळणार होते, म्हणून त्याने तिला नकार दिला नाही. नगर हाती आल्यावर मात्र त्याने तिला पतीकडे सन्मानाने परत पाठविले. त्याने परस्त्रीचा मोह टाळला हे खरे. पण आपला लाभ साधल्यानंतर टाळला, हेही तितकेच खरे. शुभ कृत्य आपल्या सोयीच्या वेळी करण्याची सवय त्याला येथेच जडली, असे म्हणता येईल.

पुढे अनंतवीर्य केवलींच्या सन्निध त्याने एक व्रत घेतले : जी परस्त्री आपल्याला इच्छीत नाही, तिचा उपभोग घ्यावयाचा नाही. अशी कोणी स्त्री असेल, यावर त्या वेळी त्याचा बहुधा विश्वासही नसावा. परंतु सीतेला पाहताच त्याचा विवेक ढळला. रामलक्ष्मणांतील सिंहनादाचा संकेत त्याने विद्येच्या बळावर जाणला, खोटा सिंहनाद केला आणि सीतेचे हरण केले. लंकेत सीतेने त्याच्याकडे दृष्टीही टाकली नाही. ‘बळाचा वापर का करीत नाही?’ असे मंदोदरीने विचारले, तेव्हा त्याने आपले व्रत सांगितले. सारी लंका ज्याच्या शब्दावर चालत होती, त्याला हे एकच व्रत अडवून उभे होते. माणूस पुष्कळसा घसरला तरी एखादे लहानसे व्रत त्याला शेवटच्या पायरीवर थोपवून धरते, हे येथे दिसते.

मात्र या काव्याचा खरा मर्मबिंदू याच्याही पुढे आहे. युद्धात पुत्र आणि बंधू शत्रूच्या हाती सापडल्यानंतर रावण शांतिनाथांच्या मंदिरात बहुरूपिणी विद्येच्या साधनेस बसला. वानरवीरांनी छळ केला, तरी तो ढळला नाही. विद्या प्राप्त झाल्यावर तो सीतेकडे गेला आणि रामाचा अंत आता जवळ आला आहे, असे त्याने तिला सुनावले. ते ऐकून सीता मूर्च्छित पडली. त्या क्षणी रावणाचे मन पालटले. परस्परांवर इतके प्रेम करणाऱ्या दांपत्याची आपण ताटातूट केली, हितोपदेश करणाऱ्या बिभीषणाचा अपमान केला, याचे त्याला तीव्र दुःख झाले. सीतेला परत करण्याचा निश्चय त्याने केला.

आणि लगेच त्याच्या मनात दुसरा विचार आला. आता परत केली तर लोक म्हणतील, रावण भ्याला! म्हणून त्याने आपल्या निश्चयाला अट घातली. आधी रणात रामलक्ष्मणांना जिवंत पकडावयाचे, मग मोठ्या सन्मानाने सीता त्यांच्या स्वाधीन करावयाची.

श्रोतेहो, रावणाचा नाश सीतेच्या मोहाने झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. विमलसूरींचा रावण मरतो तेव्हा तो मोह ओसरलेला आहे. उरला आहे तो मान. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांत मान सर्वांत फसवा. कारण तो सद्गुणाच्या वेषात येतो, कुळाची प्रतिष्ठा म्हणून, वीराचे ब्रीद म्हणून. रावणाला चांगले काय ते कळले होते. ते करण्याची इच्छाही होती. फक्त ‘आज’च्या ऐवजी त्याने ‘विजयानंतर’ म्हटले. तो विजय कधी आलाच नाही. त्याने सोडलेले चक्र लक्ष्मणाला न मारता त्याच्याच हाती जाऊन स्थिरावले. तरीही रावण नमला नाही आणि आपल्याच चक्राने मारला गेला.

कवीने मात्र रावणाला तेथेच सोडून दिलेले नाही. युद्धानंतर कुंभकर्ण आणि इंद्रजित यांनी दीक्षा घेतली. मंदोदरीही साध्वी झाली. रावण नरकात गेला आणि त्याचा वध करणारा लक्ष्मणही नरकात गेला, कारण कर्म पक्ष पाहत नाही. पुढे स्वर्गात इंद्रपद पावलेला सीतेचा जीव नरकात जाऊन त्यांना वैर सोडण्याचा उपदेश करतो. आणि अनेक जन्मांनंतर रावणाचा जीव तीर्थंकर होईल, सीतेचा जीव त्याचा गणधर होईल, असे भविष्य या काव्याच्या अखेरीस सांगितले आहे. ज्याने हरण केले आणि जिचे हरण झाले, ते दोन जीव अखेर एकाच मार्गावर येतात. कृत्य निंद्य ठरले तरी जीव कायमचा निंद्य ठरत नाही, यापेक्षा हा सिद्धांत अधिक ठळकपणे मांडता आला नसता.

रावणाची ती अट आजही घरोघरी ऐकू येते. ‘आधी कोर्टाचा निकाल माझ्या बाजूने लागू दे, मग भावाचा वाटा मी आपणहून देईन.’ ‘त्याने आधी फोन करावा, मग मी मागचे सगळे विसरेन.’ बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या अंतःकरणात चांगुलपणा खरोखरच असतो. फक्त तो विजयाची वाट पाहत बसलेला असतो. तोवर वर्षे जातात, माणसे जातात.

संवत्सरीला वा क्षमावाणीला क्षमा मागताना आधी कोणी जिंकावे लागत नाही. ‘मिच्छामि दुक्कडं’ या दोन प्राकृत शब्दांना कोणतीही अट जोडलेली नाही. त्याच प्राकृतात विमलसूरींनी रावणाचा अटीत अडकलेला निश्चय लिहून ठेवला. सीता त्याच दिवशी परत गेली असती, तर लंकेत फार तर चार लोकांनी रावणाला भित्रा म्हटले असते.

जय जिनेंद्र.