कोरियाची यात्रा : मनोरा जळाला, अक्षरे राहिली



कोरिया देशात धम्म कसा नांदला हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने प्रथम सिल्ला राज्याची जुनी राजधानी ग्योंगजू येथे जावे. या राज्याने इ. स. ५२७ मध्ये बौद्ध धम्मास मान्यता दिली. तेथील बुल्गुक्सा विहार व सोक्कुरामच्या गुंफेतील ग्रॅनाइटची बुद्धमूर्ती ही आठव्या शतकातील कामे होत. ती अवश्य पाहावीत; परंतु ह्वांगन्योंगसा विहाराच्या ओसाड जागेवरही क्षणभर उभे राहावे. तेथे सोन्दोक राणीने ६४५ मध्ये नऊ मजली लाकडी मनोरा उभारविला होता. मोंगल सैन्याने १२३८ मध्ये तो जाळला. आज पायाचे दगड तेवढे दिसतात.

मोंगलांच्याच स्वाऱ्यांत, १२३२ साली, त्रिपिटक छापण्याचे लाकडी ठसेही जळाले होते. कोरियाच्या लोकांनी ते सारे पुन्हा कोरले. दोन्ही अंगांनी कोरलेल्या त्या ८१,२५८ फळ्या आज गयासान डोंगरातील हेइन्सा विहारात आहेत. त्यांची कोठारे पंधराव्या शतकातील. समोरासमोरच्या भिंतींतील खिडक्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवल्यामुळे आत हवा खेळती राहते. जमिनीत घातलेला कोळसा, चुना व मीठ ओलावा शोषून घेतात. १९५१ च्या युद्धात या विहारावर बॉम्ब टाकण्याचा हुकूम कोरियाच्याच किम योंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्याने मानला नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जोसोन राजवटीत भिक्षूंना हीन लेखले गेले. त्यांना राजधानीच्या वेशीच्या आत पाऊल टाकण्याची मनाई होती. ती १८९५ मध्ये उठली. वेशीबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. त्या वेशीबाहेरच्या माणसांनी शतकानुशतके ही अक्षरे जतन केली.

राणीचा मनोरा गेला, अक्षरे राहिली. आपल्याही घरी धम्मग्रंथ असेल. त्यास फुले वाहून तो फडताळात ठेवू नका. ठसा कोरला जातो तो छापण्यासाठी, आणि ग्रंथ छापला जातो तो वाचण्यासाठी. आज सायंकाळी दिवा लागल्यावर आपल्या मुलीच्या हाती तो द्या आणि तिच्या तोंडून एक पान सर्वांनी ऐका.