आधी खाते बघा, मग माल द्या



पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात येई. नोटा मोजून घेतल्याशिवाय आपण अंगठा देत नव्हतो. ती सवय आज पुन्हा लावून घ्यायची आहे.

आपल्या हातकणंगले तालुक्यात आता माणसे फोनवरून माल विकतात. कोणी हुपरीचे पैंजण विकतो, कोणी गूळ, कोणी जुनी मोटारसायकल. हे चांगलेच आहे. पण गूळ तिथे मुंगळे!

आमचीच गोष्ट ऐका. आम्ही घरातले शिवणयंत्र विकायला काढले. फोनवर त्याचा फोटो टाकला. किंमत ६,००० रुपये. एकाचा फोन आला. "गुरुजी, मी फौजी आहे. यायला रजा नाही. पैसे पाठवतो, गाडीही पाठवतो." आपल्याकडे गावोगाव फौजी आहेत. आमचा लगेच विश्वास बसला.

थोड्या वेळाने ईमेल आला. ईमेल म्हणजे फोनवर येणारे पत्र. वर बँकेचे नाव आणि चिन्ह. खाली मजकूर होता : तुमचे ६,००० रुपये आले आहेत, पण अडकले आहेत. गाडीभाड्याचे १,५०० रुपये भरा, म्हणजे सुटतील.

आम्ही भरणारच होतो. इतक्यात दूध घालणाऱ्या मावशी आल्या. त्या नुकत्याच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या आहेत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पैसं खात्यावर आल्यात का, ते बगा की आदी. देणारा मानूस आपल्याकडंच कशाला मागंल?"

आम्ही खाते पाहिले. एक रुपयाही आला नव्हता! ३५ वर्षे आम्ही मुलांना शिकवले. त्या दिवशी मावशींनी आम्हांला शिकवले.

पत्रावर कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ईमेलचेही तसेच. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता बघा. पुष्कळदा बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे असते. पण पत्ता खरा वाटला तरी खाते बघाच. पैसे खात्यात दिसल्याशिवाय माल हलवू नका.

दुसरे असे. फोनवरून पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही. 'पैसे घ्यायला पिन टाका' असे कोणी म्हणाला, तर तो ठकच समजा.

आणि फसलातच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा. बँकेलाही कळवा. उशीर केला की पैसे पुढच्या पुढे पळवले जातात.

मंडळी, अक्षरे वाचायला आपण शिकलो. आता अक्षरांमागचा माणूस ओळखायला शिकू या.