किमान वेतनवाढ : सिद्धान्त आणि व्यवहार



किमान वेतन वाढविल्यास रोजगार घटतो का? पाठ्यपुस्तकाचे उत्तर सरळ आहे : श्रमाची किंमत वाढली की मागणी घटते. परंतु हे उत्तर मालकांमधील पूर्ण स्पर्धा गृहीत धरते. ज्या गावात काम देणारी एकच वीटभट्टी आहे, तेथे मजुरी उत्पादकतेहून खाली राहते. अशा ठिकाणी मर्यादित वाढीने रोजगार वाढूही शकतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. तेथील उपाहारगृहांत रोजगार घटल्याचे डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांना आढळले नाही. मात्र वाढ उत्पादकतेच्या फार पुढे गेल्यास लहान उद्योग कामगार कमी करतात किंवा त्यांची नोंदच टाळतात.

आपल्याकडे १९४८ चा किमान वेतन अधिनियम केवळ अनुसूचित रोजगारांना लागू होता. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने २,७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड असे निकष ठरविले. आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने हे संरक्षण सर्व रोजगारांपर्यंत नेले आहे.

तेव्हा उत्तर लिहिताना दराबरोबरच अंमलबजावणीचाही विचार करा. हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराजवळ वाढीव दर मागण्यास पुरावाच नसतो.